घरच्या घरी लग्नाचे हार, मुंडावळ्या, वेण्या आणि गजरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरमाला, मुंडावळ्या, करवलीची वेणी आणि मानाचे गजरे घरच्या माणसांनी करावेत, अशी इच्छा अनेक घरांत असते. मात्र फुले केव्हा आणावीत, किती आणावीत आणि मुहूर्तापर्यंत ती टवटवीत कशी ठेवावीत, या तीन शंकांपाशी बेत अडतो. पुढील उत्तरांत भर याच तीन गोष्टींवर आहे, कारण ओवण्याची कला थोड्या सरावाने येते, परंतु वेळेचे गणित चुकले तर उत्तम ओवलेला हारही मांडवात मान टाकतो.

लग्नाची सगळी फुले घरी करणे शक्य आहे का?

सगळी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मांडवाची सजावट, स्टेजमागची आरास आणि गाडीची सजावट यांसाठी उंच शिड्या, चौकटी आणि बरीच माणसे लागतात. ती कामे फूलवाल्याकडे सोपवावीत. वधू-वरांच्या अंगावर जे चढते ते, म्हणजे दोन वरमाला, दोन मुंडावळ्या, वधूची आणि करवल्यांची वेणी, विहिणींचे व मानाच्या पाहुण्यांचे गजरे, एवढे मात्र चार-पाच जणांना आदल्या संध्याकाळी निवांतपणे करता येते. वधूने किंवा वधूच्या आईने हे काम स्वतःकडे घेऊ नये. आदल्या दिवशी त्यांना श्रीमंतीपूजन, देवक आणि पाहुण्यांची उठबस यांतून उसंत मिळत नाही. मावशी, आत्या, मामी, काकू यांपैकी जिचा हात फुलांवर बसलेला आहे तिला प्रमुख करावे आणि बाकीच्यांनी तिचे ऐकावे.

कोणत्या महिन्यात कोणती फुले घ्यावीत?

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्या थंडीच्या दिवसांत शेवंती भरभरून येते आणि झेंडूही चांगला मिळतो. या काळात मोगरा कमी आणि महाग असतो, म्हणून गजऱ्यासाठी कागडा वापरतात. कागड्याला मोगऱ्याचा सुवास नाही, पण रंग शुभ्र असतो, आणि मधे मरव्याची किंवा दवण्याची काडी गुंफली तर सुवासाची उणीव भासत नाही. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत मोगऱ्याचे राज्य असते. मुंबईच्या बाजारात जव्हार, विक्रमगड आणि वसई या भागांतून मोगरा येतो. निशिगंध जवळजवळ वर्षभर मिळतो आणि हारासाठी त्याच्याइतके सोशिक फूल दुसरे नाही. मात्र हाराला एकेरी पाकळ्यांचा सुटा निशिगंध घ्यावा, दुहेरी पाकळ्यांच्या काड्या फुलदाणीसाठी आणि गुच्छासाठी चांगल्या.

कोकणात आणि गोव्यात अबोली वेणीचा प्राण मानली जाते. तिला वास नसला तरी तिचा केशरी रंग काळ्याभोर केसांवर उठून दिसतो आणि ती दुसऱ्या दिवशीही तजेलदार राहते. वेंगुर्ले परिसरात उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुरंगी फुलते. तिच्या कळ्या पहाटे काढाव्या लागतात आणि तिच्या वळेसराचा, म्हणजे ओवलेल्या सराचा, घमघमाट अख्ख्या घरभर पसरतो. ज्यांचे लग्न त्या दिवसांत त्या भागात आहे त्यांनी दुसऱ्या फुलाचा विचारही करू नये.

सोनचाफ्याबद्दल मात्र सावध राहावे. त्याच्या पाकळीला बोट दाबून लागले तरी थोड्या वेळात तेथे तपकिरी डाग पडतो. त्यामुळे तो हारात ओवू नये. मुहूर्ताच्या अगदी आधी हाराच्या पदकात किंवा अंबाड्यात एक-दोन फुले खोचावीत.

फुले कोठून आणि केव्हा आणावीत?

मुंबईत दादर स्थानकाच्या पश्चिमेचा फुलबाजार, कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील फुलबाजार आणि पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फुलबाजार येथे पहाटे माल उतरतो, आणि उजाडण्यापूर्वी गेल्यास निवड चांगली मिळते. दाट मुहूर्ताच्या दिवशी भाव बराच चढतो आणि मालही लवकर संपतो, म्हणून आठवडाभर आधी एका विक्रेत्याशी बोलून मागणी नोंदवावी आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी. गावी लग्न असेल तर शेजारीपाजारी कोणाच्या परसात काय फुलते याची चौकशी महिनाभर आधी करावी.

मुहूर्त सकाळी दहा-अकराचा असेल तर फुले आदल्या पहाटे आणून दिवसभर थंड ठेवावीत आणि संध्याकाळी ओवावीत. गोरज मुहूर्त असेल तर त्याच दिवशी पहाटे आणलेली फुले दुपारपर्यंत ओवून होतात आणि हार अधिक ताजे दिसतात. गुलाब आणि शेवंती घेताना फुलाचा तळ हलकेच चाचपून पाहावा. तो घट्ट लागला तर फूल ताजे आहे, मऊ लागला तर पाकळ्या सकाळपर्यंत गळतील. निशिगंधात निम्म्याहून अधिक कळ्या टपोऱ्या पण मिटलेल्या असाव्यात.

एका हाराला किती फुले लागतात?

याचे उत्तर किलोत देणे फसवे आहे, कारण फुलांचा आकार आणि ओवण्याची दाटी यांवर सारे अवलंबून असते. खात्रीचा मार्ग असा की लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी त्याच जातीची मूठभर फुले आणून नऊ इंचांची एक वीत ओवावी आणि फुले मोजावीत. समजा, एका वितीला पंचेचाळीस निशिगंध लागले. कमरेच्या जरा खाली येणाऱ्या हारात फुलांचा भाग साधारण सात विती असतो, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास फुले झाली. तुटकी, किडकी आणि काळवंडलेली फुले बाजूला पडतात, म्हणून त्यात पाचवा हिस्सा वाढवून पावणेचारशे ते चारशे धरावीत. याच रीतीने गजऱ्याचाही हिशेब होतो. या चाचणीत कोणाचा हात किती वेगाने चालतो हेही कळते, आणि आदल्या संध्याकाळी किती तास लागतील याचा अंदाज बांधता येतो.

सुई आणि दोरा कसा असावा?

हारासाठी लांब, सडसडीत सुई फुलबाजाराजवळच्या दुकानांत मिळते. तिच्यावर एका वेळी वीतभर फुले चढवून मग ती दोऱ्यावर सरकवता येतात, त्यामुळे काम झपाट्याने होते आणि फुलांना हातही कमी लागतो. दोरा सुती घ्यावा आणि हारासाठी दुपदरी किंवा चौपदरी करावा. नायलॉनचा दोरा तुटत नाही हे खरे, परंतु तो ओल्या देठाला कापतो आणि मानेला काचतो. सुती दोरा ओवण्यापूर्वी पाण्यात भिजवून पिळून घ्यावा, म्हणजे गाठ घट्ट बसते. अबोलीच्या वेणीला आणि फातीला (दोरात गुंफलेल्या फुलांच्या माळेला) गोव्यात व कोकणात केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोर वापरतात. सोपट सुकवून त्याचे धागे काढतात आणि वापरण्यापूर्वी ते पुन्हा ओले करतात. तो ओलावा फुलांना पुरतो, म्हणून मिळत असेल तर तोच वापरावा.

वरमाला कशी ओवावी?

निशिगंधाचा हार हा शिकण्यासाठी सर्वांत चांगला. फुलाची देठाकडची नळी चिमटीत धरावी, टोकापासून साधारण अर्धा सेंटीमीटर सोडून सुई आडवी घालावी, पुढचे फूल त्याच्याशी काटकोनात वळवून घालावे आणि असे चारी बाजूंना फिरवत जावे, म्हणजे हार गोल आणि भरीव दिसतो. वीतभर झाल्यावर फुले एकमेकांना भिडतील इतपतच सरकवावीत. दाबून बसवली तर नळ्या चुरगळतात आणि सकाळी त्या जागी काळपट कडी दिसते. दर दोन वितींनी एक गुलाब किंवा शेवंतीचा टप्पा घ्यावा. शेवंतीच्या तळाच्या हिरव्या वाटीतून सुई आडवी न्यावी, पाकळ्यांतून कधीही नेऊ नये.

मानेवर येणारा आठ-दहा इंचांचा भाग फुलांविना ठेवावा आणि त्यावर मऊ सुती किंवा रेशमी पट्टी गुंडाळावी. तेथे फुले घातली तर ती चुरगळतात, देठ टोचतात आणि वधूच्या अंबाड्यात अडकतात. हाराची दोन्ही टोके खाली एकत्र आणून तेथे गोंडा किंवा पदक बांधावे. पदकासाठी एक मोठा गुलाब, त्याभोवती निशिगंधाच्या कळ्यांचे वर्तुळ आणि खाली तीन आखूड सर एवढे पुरे. थर्माकोल, आरसे आणि प्लास्टिकचे मणी यांनी हाराचे वजन वाढते आणि सप्तपदीपर्यंत मान अवघडते.

अंतरपाट दूर झाल्यावर मंगलाष्टकांच्या आणि अक्षतांच्या गर्दीत हार घालायचे असतात, म्हणून फेटा किंवा पगडी घातलेल्या एखाद्या भावाच्या गळ्यात हार आधी घालून पाहावा. तो तुऱ्यात अडकत असेल तर वरची पट्टी थोडी लांबवावी.

पाकळ्यांचा हार घरी जमतो का?

जमतो, परंतु दोन हारांसाठी पाच-सहा जणांची अख्खी संध्याकाळ जाते. डच गुलाबाच्या बाहेरच्या डागाळलेल्या पाकळ्या टाकून आतल्या पाकळ्या एकावर एक चढवत ओवाव्या लागतात. मावळातील पॉलिहाऊसमधून येणारे गुलाब यासाठी चांगले, कारण त्यांची पाकळी जाड असते. गावठी गुलाबाचा सुवास अवर्णनीय, पण त्याची पाकळी पातळ, रात्रभरात ती कोमेजते. पहिल्यांदाच हार करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

गजरा सुईने ओवावा की गाठी मारून करावा?

गाठींचा गजरा अधिक टिकतो, कारण त्यात कळीला छिद्र पडत नाही. रीत अशी की ओल्या दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात किंवा खुर्चीच्या हाताला बांधून दोरा ताणून धरावा. दोन कळ्या देठाला देठ लावून डावीकडे तोंड करून दोऱ्यावर ठेवाव्यात, दोन कळ्या उजवीकडे तोंड करून त्यांच्याच देठांवर ठेवाव्यात, आणि मोकळ्या दोऱ्याचा फास चारही देठांवरून घेऊन आवळावा. गाठ देठावर बसली पाहिजे, कळीच्या पोटावर नव्हे. पुढच्या चार कळ्या आधीच्या गाठीला चिकटून बांधाव्यात. पहिल्या दिवशी बोटे अडखळतात, फास सैल राहतो आणि कळ्या गळून पडतात. परंतु हाताला एकदा चाल सापडली की गप्पा मारतामारता गजरा वाढत जातो. वेळ कमी असेल तर मनगटाचे आणि पाहुण्यांचे गजरे सुईने ओवावेत आणि वधूचा गजरा तेवढा गाठींचा करावा.

मुंडावळ्या फुलांच्या कराव्यात की मोत्यांच्या?

मोत्यांच्या मुंडावळ्या ठेवणीतल्या असतात आणि पुढच्या पिढीला देता येतात, हा त्यांचा गुण. फुलांच्या मुंडावळ्यांना सुवास असतो आणि त्या वजनाला हलक्या असतात. मला फुलांच्या अधिक शोभतात असे वाटते. तरी मोत्यांची एक जोडी जवळ असू द्यावी, कारण विधी लांबले तर ती उपयोगी पडते. कपाळावरच्या आडव्या सराला एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत फुले घ्यावीत आणि दोन्ही बाजूंना डोक्यामागे बांधण्यासाठी हातभर दोरा मोकळा सोडावा. कानशिलांवरून लोंबणारे सर नऊ ते बारा इंचांचे ठेवावेत. मोगऱ्याच्या लहान, एकसारख्या, पूर्ण मिटलेल्या कळ्या निवडाव्यात. त्या अंगाच्या उबेने कपाळावरच उमलतात. कपाळाच्या सराला पाकळ्या गळणारे फूल घेऊ नये, कारण पाकळी डोळ्यावर येते आणि छायाचित्रांतही दिसते.

वेणी घट्ट आणि सपाट कशी राहील?

वेणीचा पाया म्हणजे केळीच्या सोपटाची किंवा जाड कापडाची चार-पाच इंच लांब, अर्धचंद्राकृती पट्टी. तिच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून मोगऱ्याची एक ओळ, तिच्या देठांवर अबोलीची ओळ, पुन्हा मोगरा, असे आत येत टाके घालावेत. प्रत्येक ओळीने आधीच्या ओळीचे देठ झाकले जातात. शेवटची ओळ मरव्याने किंवा पाचेच्या सुवासिक पानांनी बंद करावी. मागून सुती अस्तर शिवावे आणि आकडे अडकवण्यासाठी दोऱ्याचे दोन-तीन फास ठेवावेत, नाहीतर केसांतून वेणी घसरते.

तयार हार आणि गजरे मुहूर्तापर्यंत ताजे कसे ठेवावेत?

मोगऱ्याची सकाळी खुडलेली कळी त्याच संध्याकाळी उमलू लागते. थंडाव्यात तिचे उमलणे लांबते. म्हणून गजरे ओल्या, घट्ट पिळलेल्या मलमलीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावेत आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. फ्रीजरमध्ये किंवा त्याला लागून ठेवू नये. कळ्या गोठल्या की बाहेर काढताच काळ्या पडतात. मुहूर्ताच्या दोन तास आधी डबा बाहेर काढावा, म्हणजे कळ्या उमलू लागतात.

हार मोठे असल्याने फ्रिजमध्ये मावत नाहीत. ते वेताच्या टोपलीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात केळीची पाने अंथरून, पीळ न पडता गोल मांडून ठेवावेत, वर ओलसर कापड घालावे आणि खोलीतील सर्वांत गार, अंधारी जागा निवडावी. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ ठेवायचा झाला तर तो बंद पिशवीत ठेवून त्यावर जाड कापडाची घडी घालावी. बर्फ फुलांना थेट लागता कामा नये. झेंडूवर पाणी शिंपडू नये, तो आतून कुजू लागतो. ऑर्किड फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण उष्ण प्रदेशातील त्या फुलाला तेवढी थंडी सोसत नाही.

उन्हाळ्यातल्या लग्नघरी एक गोष्ट हमखास विसरली जाते. पिकत असलेल्या आंब्यांतून आणि केळ्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने फुले लवकर कोमेजतात, पाकळ्या गळतात. हापूसच्या पेट्या आणि फुलांच्या टोपल्या एकाच खोलीत ठेवू नयेत, आणि ज्या फ्रिजमध्ये फळे आहेत त्यात गजरे ठेवू नयेत.

शालूवर किंवा उपरण्यावर डाग पडू नयेत म्हणून काय करावे?

हार घालण्यापूर्वी अर्धा तास तो कोरड्या पंच्यावर पसरून ठेवावा. पाण्याचे थेंबही रेशमावर डाग सोडतात. बाजारात निळा, हिरवा, जांभळा रंग दिलेला निशिगंध मिळतो, तो अजिबात घेऊ नये, कारण घामाने त्याचा रंग सुटतो आणि पैठणीवरचा तो डाग जात नाही. गुच्छात लिली असेल तर तिच्या पुंकेसरांची परागाने भरलेली टोके फूल उमलताच कात्रीने काढून टाकावीत. पराग कपड्यावर पडलाच तर तो ओल्या कापडाने पुसू नये. चिकटपट्टीने अलगद उचलावा.

स्वागत समारंभासाठी हातातला गुच्छ आणि कोटावरचे फूल घरी करता येईल का?

येईल, आणि ते हारापेक्षा सोपे आहे. वसईतील आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत वधूच्या हातातला गुच्छ हा लग्नविधीचाच भाग असतो, त्यामुळे तेथे हे काम जाणणारी माणसे सहज भेटतात. संधी मिळाली तर त्यांच्या शेजारी बसून पाहावे. काड्या आणल्याबरोबर बुडाकडून तिरक्या कापाव्यात, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि दोन-तीन तास बादलीभर पाण्यात उभ्या ठेवाव्यात. मग डाव्या हातात एक गुलाब धरून प्रत्येक नवी काडी आधीच्या काडीवर एकाच दिशेने तिरकी ठेवत जावे. बारा ते पंधरा गुलाब, निशिगंधाच्या चार-पाच काड्या आणि कडेने कुंतीची किंवा शतावरीची पालवी यांत भरगच्च गुच्छ होतो. हात जेथे आहे तेथेच दोऱ्याने आवळून बांधावे, देठ एका उंचीवर कापावेत आणि रेशमी फीत गुंडाळावी. मांडवात नेईपर्यंत देठांची टोके पाण्यात राहू द्यावीत.

कोटावरच्या फुलासाठी अर्धवट उमललेला एक गुलाब घेऊन देठ दीड इंचावर कापावा, तळाच्या हिरव्या वाटीतून बारीक तार आडवी घालून दोन्ही टोके देठालगत खाली वळवावीत आणि देठ व तार हिरव्या टेपने एकत्र गुंडाळावेत. मागे एक पान आणि कळ्यांची एक डहाळी पुरते. टाचणी कोटाच्या आतल्या बाजूने लावावी आणि तिचे टोक देठात रुतवावे, म्हणजे आलिंगन देताना कोणाला टोचत नाही.

परदेशात लग्न असेल तर मोगरा आणि निशिगंध सामानातून न्यावेत का?

नेऊ नयेत. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत ताजी फुले आणल्याचे विमानतळावर जाहीर करावे लागते आणि ती काढून घेतली जाण्याची शक्यता असते. तेथे स्थानिक फूलवाल्याकडे मिळणारा पांढरा कार्नेशन हारासाठी उत्तम. तो टिकाऊ असतो आणि देठाजवळ आडवा ओवता येतो. मोगऱ्यासारखी दिसणारी स्टेफनोटिसची फुलेही काही ठिकाणी मिळतात आणि त्यांच्या मुंडावळ्या सुरेख होतात. सुई, सुती दोरा आणि जरीचे गोंडे मात्र इथूनच न्यावेत.

कोणती फुले टाळावीत, आणि होमाच्या वेळी कोणती काळजी घ्यावी?

कण्हेर दिसायला देखणी असली तरी तिचे सर्व भाग विषारी आहेत; लहान मुले पाकळ्या तोंडात घालतात, त्यामुळे ती लग्नाच्या कोणत्याही फुलांत नसावी. रुईचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, तीही नको. बाजारातील गुलाबांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असते, म्हणून सजावटीच्या पाकळ्या पंगतीच्या ताटात किंवा श्रीखंडावर पसरू नयेत.

लाजाहोमाच्या वेळी वधू-वर अग्नीच्या अगदी जवळ असतात. हाराच्या गोंड्याला प्लास्टिकच्या फिती किंवा चमकीचे लोंबते धागे लावू नयेत, ते झटकन पेट घेतात. हार लांब असेल तर होमापूर्वी तो उतरवून ताटात ठेवावा आणि मागाहून पुन्हा घालावा. गुरुजींना आधी विचारले तर ते विधीत त्यासाठी वेळ काढून देतात.

लग्नानंतर हारांचे काय करावे?

नदीत किंवा विहिरीत सोडू नयेत. अनेक शहरांत निर्माल्य कलश असतात, तेथे द्यावेत किंवा घरीच खत करावे. त्यापूर्वी कात्रीने दोरा कापून फुले मोकळी करावीत आणि तार, टेप, जर, टाचण्या वेगळ्या काढाव्यात, कारण खतातली तार झाडाला पाणी घालणाऱ्याच्या हाताला लागते. झेंडू आणि शेवंती लवकर कुजतात. निशिगंधाला थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून तो चुरून सुक्या पानांच्या थरांत घालावा. सुरंगीचा वळेसर किंवा बकुळीचा सर असेल तर मात्र तो टाकू नये. सावलीत वाळवून पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून शालूच्या घडीशेजारी ठेवावा, फुले थेट रेशमाला लागू देऊ नयेत.